चामडं नंदनाचं, मग सूर कोणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत चर्चा संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "ताई, मी कर्नाटक संगीताच्या क्लासला जाते. पाच महिने झाले. घरी माहीत आहे, पण मंडळात कोणाला सांगितलेलं नाही. सगळे म्हणतील, ब्राह्मणांचं संगीत शिकतेस, वर रामाची गाणी म्हणतेस, कसली आंबेडकरवादी तू? मी चुकतेय का?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. कारण हाच प्रश्न बारा वर्षांपूर्वी माझ्यापुढे होता, आणि तेव्हा मी दिलेलं उत्तर आज मला चुकीचं वाटतं. म्हणून हा लेख.

समाजशास्त्रात एम.ए. करत असताना एक तमिळ मैत्रीण मला माटुंग्यात एका मैफलीला घेऊन गेली. शब्द एकही कळला नाही. पण शेवटाकडे गायिका थांबली आणि मृदंगम् वाजवणाऱ्याने एकट्याने पंधरा मिनिटं जे काही केलं, त्याने मी हलले. पुढच्याच आठवड्यात चेंबूरजवळ एका क्लासमध्ये नाव घातलं. पहिला राग मायामाळवगौळ, म्हणजे आपल्याकडच्या भैरवाचेच सूर. आधी सरळी वरिसै, मग जंट वरिसै, मग अलंकार. मांडीवर हाताने आदि ताळ मोजायचा: एक थाप, करंगळीपासून तीन बोटं, मग थाप आणि उलटा हात, पुन्हा थाप आणि उलटा हात. आठ मात्रा.

बाकीच्या मुलींच्या घरात हे संगीत जन्मापासून कानावर पडलेलं. त्यांना गमक सहज यायचं, मला महिनोन्‌महिने येईना. आपण ज्याला 'उपजत गळा' म्हणतो, तो बरेचदा दोन पिढ्यांच्या निवांत संध्याकाळींचा हिशेब असतो. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. पण ताळ मात्र मला पहिल्याच दिवशी आला. बाईंनी कौतुकाने विचारलं, "हे कुठून आलं तुझ्यात?"

माझे वडील भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. १४ एप्रिलच्या रात्री स्टेजच्या मागे सतरंजीवर झोपून मी मोठी झाले. ताळ तिथून आला. पण मी म्हणाले, "असंच येतं, मॅडम."

त्या एका वाक्याची लाज मला अजून वाटते.

पुढे आडनावावरून गाव निघालं, गावावरून बाकी सगळं निघालं. कोणी काही बोललं नाही. फक्त वर्षअखेरीच्या कार्यक्रमाच्या यादीतून माझं नाव गेलं. कारण दिलं, "उच्चार अजून शुद्ध नाहीत." तेलुगू आमच्यापैकी निम्म्या जणींना येत नव्हतं, वगळलं मात्र मला एकटीला. मी क्लास सोडला. मित्रांना अभिमानाने सांगितलं की त्या मनुवादी गाण्यावर मी लाथ मारली. त्याला मी बंड समजत होते. आज कळतं की त्यांना जे हवं होतं, तेच मी स्वतःच्या पायाने चालत जाऊन केलं.

आता मुद्द्यावर येऊ. कर्नाटक संगीत ब्राह्मणांचं आहे का?

आजचा मंच बघितला तर गाणारे, वाजवणारे, ऐकणारे आणि पुरस्कार देणारे बहुतांश ब्राह्मण दिसतात. पण हे चित्र अनादी काळापासूनचं नाही. नादस्वरम् आणि तविल वाजवणारी घराणी ब्राह्मणेतर होती. नाच आणि गाणं जपलं ते देवदासी परंपरेतल्या स्त्रियांनी आणि त्यांच्या कुळातल्या नट्टुवनारांनी. तंजावरच्या भोसले दरबारात, सरफोजी दुसरे यांच्या काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम त्यांनी बसवला आणि कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजवण्यात वडिवेलूंचा मोठा वाटा होता. हे चौघेही ब्राह्मण नव्हते. मराठी दरबारात घडलेली ही गोष्ट मराठी शाळेत मात्र कोणी सांगत नाही.

मग मालकी कशी बदलली? १९२८ मध्ये मद्रासची म्युझिक अकादमी स्थापन झाली, १९३६ मध्ये कलाक्षेत्र उभं राहिलं. शहरातल्या शिकलेल्या उच्चवर्णीयांनी सभा काढल्या, पाठ्यक्रम ठरवले, 'शुद्ध' काय आणि 'अश्लील' काय ते ठरवलं. १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासी प्रथेवर बंदी आली. ती यायलाच हवी होती. मुलींना देवाला वाहण्याचं समर्थन कोणताही आंबेडकरवादी करणार नाही. पण प्रथेसोबत त्या स्त्रियांची कलाही त्यांच्या हातून गेली आणि दुसऱ्यांच्या मुलींच्या हातात 'संस्कार' म्हणून आली. शोषण संपवणं वेगळं आणि शोषिताच्या हातातलं कौशल्य काढून घेणं वेगळं. तिथे दोन्ही एकदम झालं.

बंगळूर नागरत्नम्मांची गोष्ट लक्षात ठेवा. देवदासी परंपरेतली ही विदुषी. तिरुवैयारूला त्यागराजांचं स्मारक तिने स्वतःच्या कमाईतून बांधलं. आणि त्याच ठिकाणच्या आराधनेत स्त्रियांना गायला मनाई होती! तिने स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली आणि शेवटी पुरुषांना नमतं घ्यावं लागलं. एम. एस. सुब्बलक्ष्मी याही मदुराईच्या देवदासी कुळातल्या. १९६८ मध्ये म्युझिक अकादमीचा संगीत कलानिधी सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, १९९८ मध्ये भारतरत्न मिळवणाऱ्या पहिल्या संगीतकार. पण जगापुढे त्यांची जी प्रतिमा उभी राहिली, ती सोवळ्या ब्राह्मण गृहिणीची. शिखरावर पोचायला जन्म झाकावा लागतो, हे मला "असंच येतं, मॅडम" म्हणताना न वाचताच कळलं होतं.

म्हणून "कलेला जात नसते" असं कोणी म्हटलं की मी त्याला मृदंगम् दाखवते. खोड फणसाच्या लाकडाचं. तोंडावर गाय, म्हैस आणि बकरीचं चामडं. ते सोलायचं, धुवायचं, वाळवायचं, ताणायचं, त्यावर शाईचा थर घोटायचा आणि स्वर जुळवायचा. हे करणारे बहुसंख्य कारागीर दलित, त्यातले बरेचसे दलित ख्रिश्चन. त्यांचा कान इतका तयार की चामड्यावर बोट वाजवून ते सांगतात कोणता तुकडा कुठे बसेल. पालघाट मणी अय्यर यांच्या मृदंगमची जगाने वाहवा केली, त्या वाद्यामागच्या पर्लांदुंचं नाव किती रसिकांना ठाऊक होतं? गायक टी. एम. कृष्णा यांनी या कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं. २०२० मध्ये त्याच्या प्रकाशनासाठी कलाक्षेत्राने सभागृह दिलं आणि ऐनवेळी परवानगी काढून घेतली. गायीचं चामडं मंचावर चालतं, त्याचा उच्चार चालत नाही.

कृष्णांचा मी आदर करते. पण ते जन्माने ब्राह्मण आहेत, लहानपणापासून त्या मंचावर आहेत, म्हणून त्यांचा आवाज ऐकला गेला. हे पुस्तक आपल्यातल्या कोणी का लिहिलं नाही? कारण आपण दाराबाहेर होतो, आणि माझ्यासारखे काही जण आत जाऊन रागाने बाहेर आले.

आता नंदनाकडे या. तमिळ शैव परंपरेतला हा अस्पृश्य संत. पेरियपुराणात त्याचं काम सांगितलं आहे: देवळातल्या वाद्यांसाठी चामडं आणि वीणेसाठी तारेची तात पुरवणं. देवळाचा नाद त्याच्या हातातून जायचा आणि देवळात पाऊल टाकायला मात्र त्याला बंदी. शेवटी चिदंबरमला प्रवेश मिळाला तो आगीतून गेल्यावर. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारतींनी त्याच्यावर 'नंदनार चरित्रम्' रचलं आणि त्यातली पदं आजही मैफलीत रंगतात. मी आत येऊ का, असं विचारणारा नंदन गायिका डोळे मिटून गाते, श्रोते रुमाल काढतात. शेजारी वाजत असतं नंदनाच्याच लेकरांनी मढवलेलं चामडं. आणि त्या सभागृहात नंदनाचं लेकरू कुठे असतं?

हे आपल्याला अनोळखी आहे का? उंबरठ्याला शिवायचं कसं, असं विचारणाऱ्या चोखोबांचे अभंग आपल्याकडेही मोठमोठ्या मैफलीत टाळ्या घेतात. बाबासाहेबांनी हे नातं केव्हाच ओळखलं होतं. १९४८ चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ त्यांनी तिघांच्या स्मृतीला अर्पण केला: नंदनार, रविदास, चोखामेळा. तमिळ देशातला नंदन बाबासाहेबांना परका वाटला नाही. मग त्याच्या चामड्यातून निघणारा नाद आपल्याला परका का वाटावा?

आता त्या मुलीचा सगळ्यात अवघड प्रश्न. रामाची गाणी म्हणायची का? बावीस प्रतिज्ञांचं काय?

मी गुळमुळीत बोलणार नाही. ज्या देवांना मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली, त्यांना आळवायला माझी जीभही अडखळायची. ज्याला ते नको, त्याने ते नाकारावं आणि शिक्षकांना स्पष्ट सांगावं. पण या संगीताचा केवढा भाग शब्दांशिवायचा आहे हे शिकल्यावरच कळतं. सरळी, अलंकार, आलापना, तानम्, कल्पनास्वर, मृदंगमचं तनी आवर्तनम्, यांत कोणता देव आहे? मोहनम् म्हणजे आपला भूप, कल्याणी म्हणजे आपला यमन. या सुरांचं गोत्र कोणतं? शब्द बदलता येतात, हेही सिद्ध झालं आहे. सम्राट अशोकाचे शिलालेख प्राकृतातच कर्नाटक रागांत बांधून कृष्णांनी गायले आहेत. धम्माचा शब्द त्या सुरात बसतो. तो बसवायला आपली माणसं मात्र तिथे हवीत, आणि त्यासाठी आधी सूर यायला हवा.

दुसरा आक्षेप येईल: आपल्याकडे वामनदादांची परंपरा असताना हे कशाला? वामनदादा कर्डकांचं गाणं कोणत्याही कृतीपेक्षा तसूभर खाली नाही, हे मान्य करूनच पुढे बोलू. 'शास्त्रीय' शिकलं की भीमगीत हलकं वाटायला लागत असेल, तर ते शिक्षण फुकट गेलं. मला उलटा अनुभव आला. ताळ मोजायला शिकल्यावर वडिलांच्या ढोलकीत किती हिशेब होता ते पहिल्यांदा कळलं. ते त्यांना सांगायला मात्र मी उशीर केला.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. चामडं, हलगी, मेलेली ढोरं हे सगळं बाबासाहेबांनी सोडायला लावलं, तू पुन्हा त्याचा गौरव करतेस? नाही. बाबासाहेबांनी सक्ती सोडायला लावली. जन्मावरून लादलेलं काम हीच गुलामी. तमिळनाडूत पराई हे वाद्य मयताला वाजवण्याची सक्ती दलितांवर होती, ती नाकारली गेली. मग तीच पराई दलित चळवळीने मोर्चात, मंचावर, स्वतःच्या मर्जीने हातात घेतली. सक्तीने वाजवणं आणि स्वेच्छेने वाजवणं यांत गुलामी आणि स्वातंत्र्याइतकं अंतर आहे.

शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. म्हणून त्यांनी संस्कृतवर लाथ मारली का? ते पुढे शिकले, धर्मग्रंथ वाचले आणि त्यांच्याच आधारे त्यांची चिकित्सा केली. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. ते कोणाला काही सिद्ध करून दाखवायला नव्हतं, त्यांना आवडत होतं म्हणून. आनंद हाही आपला हक्क आहे. आपल्या मुलांनी फक्त तेच शिकावं ज्यातून नोकरी मिळेल किंवा मोर्चा निघेल, हा हिशेब आपल्यालाच छोटा करतो.

म्हणून त्या मुलीला माझं उत्तर असं: तू चुकत नाहीस. शिक. मान खाली घालून नको, डोळे उघडे ठेवून शिक. क्लासमध्ये विचार, हे मृदंगम् कोणी बनवलं? नागरत्नम्मा कोण होत्या? वगळलं तर लेखी कारण माग आणि एकटी राहू नकोस, आम्हाला सांग. माझ्यासारखी गुपचूप निघून येऊ नकोस. आणि मंडळातल्या भावांनो, तिला हसू नका. पुढच्या पौर्णिमेला विहारात तिला बोलवा, मोहनम् आणि भूप शेजारी शेजारी ठेवून ऐकवायला सांगा, आदि ताळ तिच्यासोबत मांडीवर मोजा.

आणि कोणी तिला विचारलं, "ताळ कुठून आला तुझ्यात?" तर तिने खरं उत्तर द्यावं. मी तेव्हा दिलं नाही, आता देते: माझ्या बापाच्या ढोलकीतून.

जय भीम! नमो बुद्धाय!