गाण्याच्या कागदावर नाव कुणाचं?

मागच्या 15 ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी मी गाण्यांचे दोन कागद तयार केले होते. वर सूर, खाली शब्द. मुलांना वाटून झाल्यावर सहावीतल्या एका मुलाला सहज विचारलं, ‘हे गाणं कुणी लिहिलंय रे?’ त्याने कागदाच्या माथ्याकडे पाहिलं आणि ज्या गृहस्थांनी कार्यक्रमाला खाऊ दिला होता त्यांचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं. वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं, कारण कागदावर दुसरं नावच नव्हतं.

चूक माझी होती. ती कशी झाली ते सांगतो, कारण अशी चूक शाळाशाळांतून होत असणार.

आमच्या कसाऱ्यात पाच रेघांवरचं पाश्चात्त्य नोटेशन वाचणारा माझ्या ओळखीचा एकच माणूस आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले एक अंकल. घाटात बँकर इंजिन लावून गाड्या इगतपुरीकडे चढवण्यात त्यांची नोकरी गेली, आणि लहानपणी चर्चमध्ये शिकलेलं नोटेशन मात्र डोक्यात राहिलं. आमच्या मुलांसाठी ते हौसेने कीबोर्ड वाजवतात. मी सा रे ग म लिहून नेलं की म्हणतात, ‘सर, रेघांवर द्या ना.’ म्हणून माझ्या मुलीने लॅपटॉपवर म्युझस्कोअर टाकून दिलं. पैसे लागत नाहीत, आणि ‘अब्बू, तुम्हालापण जमेल’ असं तिने सांगितल्यावर मागे हटणं शक्य नव्हतं. पुढे एक गंमत कळली. सूर डावीकडून उजवीकडे जातात आणि उर्दू उजवीकडून डावीकडे. सुराखाली एकेक अक्षर बसवायला गेलं की दोघांची टक्कर होते. त्यामुळे उर्दू शब्दही मी देवनागरीतच लिहिले.

नवा कागद उघडताना हे सॉफ्टवेअर आधी नावं विचारतं. गाण्याचं शीर्षक, उपशीर्षक, संगीतकार, गीतकार, कॉपीराइट. बी.एड.ला पाठ टाचण काढताना घटक, उपघटक, उद्दिष्टं असे रकाने भरायचो, तशीच ही रांग. शीर्षक मध्यभागी मोठं येतं, त्याखाली डाव्या हाताला गीतकार आणि उजव्या हाताला संगीतकार. लिलिपाँड नावाचं दुसरं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यातही कवी डावीकडे, संगीतकार उजवीकडे अशीच मांडणी. जगभरच्या छापील संगीताची ती रीत आहे. एकाने शब्द दिले, एकाने सूर दिले, दोघे एका ओळीत समोरासमोर.

ही ओळ मी मोडली. कार्यक्रमाच्या मंडळींनी सांगितलं, खाऊ देणाऱ्यांचं नाव वर ठळक हवं, शाळेचं नाव त्याखाली. माथ्यावर जागा उरली नाही. मी कवी-संगीतकारांची नावं उचलली आणि फूटरमध्ये, पानाच्या तळाला, बारीक टायपात टाकली. दुकानात एका कागदावर दोन प्रती बसवून मधोमध कापल्या, आणि कापताना तळाची ओळ गेली. दीडशे प्रती. एकावरही नाव नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, गाणं तर म्हटलं ना मुलांनी? म्हटलं, आणि छान म्हटलं. पण आपल्याकडे कवीचं नाव ही कधीच फालतू गोष्ट नव्हती. छापखाना नव्हता तेव्हा आपल्या लोकांनी नाव गाण्याच्या आतच विणून ठेवलं. अभंगाच्या शेवटी तुकोबांची नाममुद्रा येते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या अभंगांत त्यांचं नाव येतं. गझलेच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस असतो. मुहम्मद शाह रंगीलेच्या दरबारातले नियामत खाँ आपल्या ख्यालांत ‘सदारंग’ घालत. ते ख्याल तोंडी शिकवणीतून फिरत राहिले आणि पुढे विसाव्या शतकात भातखंड्यांनी स्वरलिपीत लिहून क्रमिक पुस्तकांत छापले, तेव्हा सदारंगही त्यांच्याबरोबर छापले गेले. त्यांना हेडरची गरज नव्हती.

शाळेत म्हणायच्या गाण्यांचं तसं नाही. 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत झालेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ घ्या. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळे यांचा. गीतात यातलं एकही नाव येत नाही. कागदाच्या माथ्यावर आलं तरच मुलाला कळणार.

दुसरा कागद होता ‘सारे जहाँ से अच्छा’चा. खरं नाव ‘तराना-ए-हिंदी’, 1904 मधलं. याच्या शेवटच्या शेरात इक्बालने रिवाजाप्रमाणे आपलं नाव घातलेलं आहे. पण शाळांतून जे म्हटलं जातं ते निवडक शेरांचं. शेवटचा शेर त्यात नसतो. म्हणजे गाण्यातलं नाव आधीच गळलं, आणि उरलेलं माझ्या फूटरबरोबर कात्रीत गेलं.

नवे कागद काढायला बसलो तेव्हा एका सहकाऱ्याने मला बाजूला घेतलं. माणूस चांगला आहे, माझ्या भल्याचंच सांगत होता. ‘सर, इक्बालचं नाव राहू द्या. उगाच कुणीतरी काहीतरी विचारेल. नुसतं देशभक्तिगीत लिहा.’ मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही, हे कबूल करतो. आपल्यातल्या प्रत्येकाला ही ‘उगाच कशाला’ची भीती ओळखीची आहे, आणि उर्दू शिकवणाऱ्याला तर जास्तच.

इक्बालच्या पुढच्या राजकारणाबद्दल माझेही प्रश्न आहेत. 1930 च्या अलाहाबादच्या भाषणाचा इक्बाल 1904 चा राहिलेला नव्हता. मुलांनी मोठं झाल्यावर ते दोन्ही वाचावेत आणि भांडावं. पण शब्द ज्याचे आहेत त्याचे आहेत. 1984 मध्ये अंतराळातून भारत कसा दिसतो असं इंदिरा गांधींनी विचारलं, तेव्हा राकेश शर्मांनी याच ओळीने उत्तर दिलं. आणि आज आपण जी चाल म्हणतो ती पंडित रविशंकरांची, 1945 च्या सुमारास इप्टासाठी केलेली. डावीकडे मुहम्मद इक्बाल, उजवीकडे रविशंकर. ही ओळ पुसून तिथे ‘देशभक्तिगीत’ लिहिणं मला जमलं नाही. इक्बालचा इंतकाल 1938 चा. त्यानंतरची साठ वर्षं उलटून गेल्यामुळे त्याच्या शब्दांवर कुणाचा कॉपीराइट उरलेला नाही. परवानगी मागायला नको म्हणून नावही नको, हा हिशोब मात्र मला कळत नाही.

दुरुस्ती करताना आणखी एकदा फसलो. जे शिक्षक हे करून पाहतील त्यांच्यासाठी सांगतो. म्युझस्कोअरमध्ये पानावर दिसणारं शीर्षक वेगळं आणि प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये नोंदलेलं वेगळं. हेडर-फूटर ती नोंद उचलतात. मी पानावरचं शीर्षक बदललं, तरी दुसऱ्या पानाच्या माथ्यावर जुन्याच गाण्याचं नाव येत राहिलं, कारण मी जुनी फाइल उघडून त्यावरच नवं गाणं लिहिलं होतं. दोन्हीकडे बदलायचं. हेडर-फूटरचा मजकूर फॉरमॅट मेनूतल्या स्टाइलमध्ये असतो. कॉपीराइटची ओळ फक्त पहिल्या पानावर हवी की सगळ्या, ते तिथल्या खुणांनी ठरतं. गायकासाठी वेगळा रकाना नाही, म्हणून शाहीर साबळ्यांचं नाव मी उपशीर्षकात बसवलं.

खाऊ देणाऱ्यांचं नाव आता तळाला गेलंय, आभाराच्या ओळीत. ते कळल्यावर त्यांचा फोन आला होता. मी जरा घाबरतच उचलला. ते म्हणाले, ‘सर, तळाला चालेल, पण कापू नका.’ मी दुकानात जाऊन खालचा समास वीस मिलिमीटर ठेवायला सांगितलंय, आणि कापायच्या वेळी स्वतः उभा राहणार आहे.