घसाऱ्याचे मोल

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याची ‘घसारा’ या शब्दाशी ओळख फार लवकर होते. आयकराच्या नियमानुसार मोटारीवर दरवर्षी घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा आकारला, की दहा लाखांच्या गाडीचे पुस्तकी मूल्य दहा वर्षांत दोन लाखांच्याही किंचित खाली येते. झिजणे म्हणजे किंमत उतरणे, हे समीकरण आम्हा बँकवाल्यांच्या हाडीमाशी खिळलेले असते. म्हणूनच जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील स्कॉट्सडेल येथे झालेल्या एका लिलावाचे आकडे प्रथम वाचले, तेव्हा त्यांची अदलाबदल झाली असावी असेच मला वाटले.

मर्सिडीझ ३०० एसएल ही दारे पंखांसारखी वर उघडणारी, १९५४ ते १९५७ या काळात जेमतेम १४०० तयार झालेली स्पोर्ट्‌स कार. त्या एकाच लिलावात अशा दोन गाड्या होत्या. एक संपूर्ण नूतनीकरण केलेली, आरशासारखी लखलखीत. दुसरी रंग विटलेली, जशी सापडली तशीच आणलेली. लखलखीत गाडी सुमारे १४ लाख डॉलरना गेली, तर विटलेली सुमारे १९ लाखांना.

या जुनेपणाच्या कळेला जाणकार ‘पॅटिना’ म्हणतात. जुन्या गाड्यांच्या जगात तिच्यावरून दोन तट पडले आहेत. एका पक्षाच्या मते गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशीच दिसली पाहिजे; दुसऱ्याच्या मते तिचे पुढचे आयुष्यही तिच्या अंगावर दिसले पाहिजे. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. मात्र त्याचे कारण सौंदर्यदृष्टी नव्हे, तर पुरावा होय.

संपूर्ण नूतनीकरणात गाडीचा सांगाडा सुटा करतात, पत्रा उघडा पडेपर्यंत रंग खरवडतात, कातडे नवे चढवतात, क्रोमचा मुलामा नव्याने देतात. पुष्कळदा ती कारखान्यातून निघाली त्याहूनही गुळगुळीत होते. अर्थात हे करणाऱ्या कारागिरांविषयी मला अपार आदर आहे. हाताने ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून घडवणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत आणि ती जगली आहेत ती नूतनीकरणाच्याच कामावर. परंतु मूळ रंगाचा थर एकदा खरवडला, की तो कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

शिवाय गाडी परत न्यायची, ती नेमक्या कोणत्या सालात? बुगाटी टाइप ५९ या गाडीचेच पाहा. ती १९३४ साली ग्रां प्री शर्यतींत धावली. पुढे कारखान्यानेच तिला स्पोर्ट्‌स कारचे रूप दिले आणि त्यानंतर ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली. आज तिच्या अंगावर दिसतो तो काळा रंग आणि पिवळा पट्टा राजांच्या काळातला. तिला १९३४ मध्ये न्यायचे, तर राजा पुसावा लागेल. सुदैवाने कोणी तो पुसला नाही. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या प्रदर्शनात २०२४ साली सर्वोत्कृष्ट गाडीचा मान हिलाच मिळाला. जतन विभागातील गाडीला हा मान मिळण्याची तेथील ती पहिलीच वेळ.

मात्र कोणताच भाग बदलू नये, हा हट्टही टिकणारा नाही. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली १९९० साली एक कोटी पौंडांना विकली जाणार होती. मधल्या वर्षांत तिचे इतके भाग बदलले होते, की ही ती गाडीच नव्हे, असे म्हणून खरेदीदाराने पैसे देण्यास नकार दिला. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. शर्यतीच्या काळातील फारच थोडे भाग तिच्यात उरले आहेत, हे न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केले. तरीही तिच्या अस्तित्वाची साखळी कोठेही तुटलेली नाही, म्हणून ती ‘ओल्ड नंबर वन’च होय, असा निर्णय त्यांनी दिला. मालमत्तेच्या मालकी हक्काची साखळी तपासण्यात ज्यांचे दिवस जातात, अशा माझ्या सहकाऱ्यांना हा तर्क परका वाटू नये.

कर्जाच्या दस्तऐवजात एखादा आकडा चुकला, तर आपण तो खोडरबराने पुसत नाही, पांढरा रंगही फासत नाही. जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारतो, वर योग्य आकडा लिहितो आणि शेजारी सही करतो. गाडीची दुरुस्तीही अशीच व्हावी, असे मला वाटते. ब्रेकच्या नळ्या, टायर, इंधनाची वाहिनी हे बदललेच पाहिजेत. त्यांच्या बाबतीत जुनेपणाचे कौतुक करणे म्हणजे जिवाशी खेळ. गंजाचेही तसेच. तांब्यावरचा हिरवट थर आतल्या धातूचे रक्षण करतो, लोखंडावरचा गंज मात्र ते पोखरत जातो. गंजाला पॅटिना म्हणणारे लोक आळशी असतात, असा माझा आपला एक समज आहे! आणि अलीकडे नव्या रंगावर मुद्दाम ओरखडे काढून जुनेपणा आणणारे जे निघाले आहेत, त्यांच्या उद्योगाला आमच्या भाषेत बनावट दस्त म्हणतात.

आपल्याकडेही हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर वाहन ५० वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात असावे लागते. सांगाडा, बाह्य कवच वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. तेव्हा कोणा ग्राहकाच्या घरी आजोबांची गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवावा आणि नोंदणी पुस्तक, विम्याचे कागद, पेट्रोलच्या पावत्या यांतील काहीही रद्दीत घालू नये.