हवा : सजीवांची कमाई

शेत, विहीर आणि बैल यांची गणना शेतकरी आपल्या भांडवलात करतो. शेतावरील हवेची गणना मात्र कोणी करीत नाही. ती सृष्टीने फुकट दिली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आजची हवा ही सजीवांनी कोट्यवधी वर्षांत केलेली कमाई होय.

पृथ्वीच्या आरंभीच्या वातावरणात मुक्त प्राणवायू जवळजवळ नव्हता. पाण्यातील सूक्ष्म नीलहरित शेवाळे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाणी व कर्बवायू यांपासून अन्न तयार करू लागली आणि त्या क्रियेत प्राणवायू बाहेर पडू लागला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला. पुढे वनस्पतींनी त्यात भर घातली. आज हवेत त्याचे प्रमाण सुमारे २१ टक्के आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी हिरवे दिसते, तेही याच कुळातील शेवाळांमुळे.

हा व्यवहार कारंजा लाडच्या शिवारातही अखंड चालू आहे. कपाशीचे पान हवेतील कर्ब घेते. तूर व सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. परंतु मनुष्य ही कमाई उधळीत आहे. १७५० च्या सुमारास हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्याने मुख्यतः, आता ते ४२० हून अधिक झाले आहेत.

उन्हाळ्यात धुऱ्यावर पेटविलेले पऱ्हाटी, तुराटी व कुटाराचे ढीग ही त्याच उधळपट्टीची लहान आवृत्ती आहे. काडीकचरा कुजला तरी त्यातील बराच कर्ब हवेत परततो, हे खरे. पण काही भाग जमिनीत टिकून तिचा कस व ओलावा राखतो. जाळल्यास बहुतेक सर्व कर्ब व नत्र हवेत जातो आणि हाती राख उरते.

गुलाबी बोंडअळीच्या भयाने पऱ्हाटी जाळावी लागते, असे शेतकरी सांगतात. ते भय रास्त आहे. उपाय मात्र तोच एक नाही. किडकी बोंडे वेचून नष्ट करावी, पऱ्हाटी यंत्राने बारीक करून कुजवावी. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत यासाठी सोयीची आहे. तीत शेण थोडे व काडीकचरा पुष्कळ लागतो; टाक्याच्या भिंतींत छिद्रे ठेवतात, कारण कुजविणाऱ्या जिवाणूंनाही हवा हवी असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी प्रत्येक गावी असे एक तरी टाके भरून दाखवावे. हवेतून पिकाने मिळविलेले धन मातीच्या पदरी पडावे, यातच शेतकऱ्याचे हित आहे.