प्रपंच काय फक्त शहरातच असतो?

मंडळी, जुन्या रेडिओचा विषय निघाला की कोणीतरी 'पुन्हा प्रपंच'चं नाव काढतंच. आकाशवाणी मुंबई केंद्राची ती श्रुतिका. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, म्हणजेच प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर. मलाही ती आवडायची. त्यामुळे आधीच सांगतो, माझं भांडण टेकाडे भावजींशी नाही, वाटणीशी आहे. शहराच्या वाट्याला प्रपंच आला आणि खेड्याच्या वाट्याला सल्ला!

आमचं गाव फर्दापूर. जगाच्या दृष्टीने अजिंठा लेण्यांचा फाटा. गावाकडच्या माणसासाठी रेडिओवर काय? बियाणं, खत, फवारणी, बाजारभाव, हवामान. उपयोगाचं होतं, नाही कोण म्हणतो? पण संवाद रचला तरी एक जण प्रश्न विचारायला आणि दुसरा उत्तर द्यायला. त्या विचारणाऱ्याची बायको माहेरी का गेली, भावाभावांत बांधावरून काय बिनसलं, याची कोणाला पडलेली नाही. घराघरात नाव झालेलं, रेडिओवरचं खेड्यातलं एक कुटुंब सांगा बरं!

लेखक नव्हते म्हणावं, तर 'बनगरवाडी' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर स्वतः पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात होते. ऐकणारे नव्हते म्हणावं, तर 1956 साली युनेस्कोच्या मदतीने पुण्याहून शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत लोक एकत्र बसून ऐकत, चर्चा करत, प्रश्न केंद्राला कळवत. (फर्दापूर त्यात असणं शक्यच नव्हतं, मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता.)

बाहेर बघा. ऑस्ट्रेलियात 1944 साली 'द लॉसन्स' ही मालिका सुरू झाली. हेतू शेतकऱ्यांना माहिती देण्याचाच. पण लेखिका ग्वेन मेरेडिथ यांनी त्यात जिवंत माणसं घातली. 1949 मध्ये तिच्या जागी 'ब्लू हिल्स' आली आणि 1976 पर्यंत तिचे 5,795 भाग झाले. इंग्लंडची 'द आर्चर्स' 1951 पासून देशभर ऐकू येते आहे. तीही शेतीच्या माहितीसाठीच निघाली होती.

आणि हे आपल्याकडे चालत नाही असंही नाही. आकाशवाणीचीच हिंदी मालिका 'तिनका तिनका सुख', 1996-97, 104 भाग. ती ऐकून उत्तर प्रदेशातल्या लुटसान गावच्या लोकांनी हुंडा देणार-घेणार नाही अशी प्रतिज्ञा लिहून पाठवली. नुसत्या सल्ल्याने असं पत्र येतं का हो?

आमच्या शेजारच्या लेण्यांतल्या भिक्षूंना हे केव्हाच कळलं होतं. त्यांनाही उपदेशच करायचा होता. पण त्यांनी भिंतीवर नियम नाही लिहून ठेवले. पहिल्या लेण्यात महाजनक राजा आहे, सतराव्यात विश्वंतर. राणी, मुलं, ताटातूट, सगळा प्रपंच रंगवला. उपदेश आपोआप पोचला.

आणखी एक दुखणं म्हणजे भाषा. खेडूत दाखवायचा तर 'आरं', 'कारं' करत हशा मिळवणारा. आमच्याकडे मराठवाडी आणि खानदेशी बोली एकमेकींत मिसळतात, तांड्यावर गोरमाटी ऐकू येते. ही माणसं फक्त हसवण्यापुरतीच आहेत का?

'आता रेडिओ ऐकतो कोण?' हा प्रश्न येणारच. ठीक आहे, मोबाईलवर ऐकवा. पेटी बदलली म्हणून गोष्टीची भूक गेली नाही. रात्री गावात घरोघरी टीव्हीवर कुठल्या तरी शहरातल्या बंगल्यातली भांडणं चालूच असतात की. आमच्या पोरांना दुसऱ्यांची घरं तोंडपाठ आणि स्वतःचं घर मात्र गोष्टीत येण्याच्या लायकीचं नाही, असंच त्यांना वाटत राहतं. माझा राग आहे तो यावर.

मागणी साधी आहे. जळगाव, छत्रपती संभाजीनगर अशा केंद्रांनी आपापल्या बोलीत, तिथल्याच माणसांकडून, खेड्यातल्या एका घराची मालिका लिहून घ्यावी. कापसाच्या भावाचं त्यात येऊ द्या की, पण भाव पडला त्या रात्री त्या घरात कोण कोणाशी काय बोललं, ते आधी येऊ द्या.