‘बघतो’ म्हणजे होकार नव्हे

मीटिंगचं टिपण लिहिणं हे प्रोजेक्टमधलं सगळ्यात कंटाळवाणं काम. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि ते बरंचसं सुटलं. तासाभराच्या बोलण्याचा मजकूर द्या, कोणी काय करायचं याचा तक्ता मिनिटभरात तयार! (मजकूर कंपनीने परवानगी दिलेल्या टूलमध्येच टाकायचा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.)

पण आमच्या हैदराबादी टीममध्ये थेट ‘नाही’ कुणी म्हणत नाही. ‘देखता हूँ’, ‘चूस्तानु’, ‘बघतो’, एवढंच. तक्त्यात मात्र त्याचं ‘शुक्रवारपर्यंत पूर्ण करणार’ होतं. हे मॉडेल पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, त्यावर लिहितं. तारखेचा रकाना दिसला की तिथे तारीखच येणार. नव्याने लागलेल्या एखाद्या मुलीच्या नावापुढे ती तारीख क्लायंटकडे गेली, की रात्री जागायचं तिनेच.

म्हणून मी प्रॉम्प्टमध्येच लिहितो: स्पष्ट होकार नसेल तर रकाना रिकामा ठेव, मूळ वाक्य शेजारी दे. तरी कधीकधी ते भरतंच. मग तक्ता पाठवण्याआधी, ज्याचं नाव त्याला एक फोन. रिकामे रकाने बघून मॅनेजर कुरकुरतात, कुरकुरू देत. ‘बघतो’ म्हणणाऱ्याचं काय अडलंय ते फोनवर दोन मिनिटांत कळतं. बऱ्याचदा बिचाऱ्याला टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेसच मिळालेला नसतो.