‘छेडछाड’ हा शब्द बाद करा

माझे भांडण एका शब्दाशी आहे. आमच्या कोलकात्यात इंग्रजी पत्रे त्याला ‘ईव्ह टीझिंग’ म्हणतात, बांगलात तोच ‘इभटिजिंग’ होऊन रुळला आहे. मराठीत आपण ‘छेडछाड’ म्हणतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो.

थट्टेला आपल्याकडे एक नियम आहे: ती उलटवता आली पाहिजे. दिराने वहिनीची फिरकी घेतली, तर वहिनीही त्याला सोडत नाही. गर्दीच्या बसमध्ये मागून अंगचटीला येणाऱ्या माणसाची कोणती थट्टा मुलीने उलट करायची? जिथे एकालाच खेळायचे आहे आणि दुसरीला फक्त सुटायचे आहे, त्याला खेळाचे नाव देणे ही लबाडी आहे. त्यात ‘ईव्ह’ म्हणजे बायबलातली आदमला फळ देणारी. दोष कुणाचा, हे नावातच ठरले!

या खेळात माणसे मेली आहेत. 2002 च्या अखेरच्या रात्री याच शहरात वाहतूक पोलिसांतले सार्जंट बापी सेन एका स्त्रीला त्रास देणाऱ्यांना अडवायला गेले. मारणारेही पोलीस शिपाईच होते. काही दिवसांनी सेन गेले. 2011 च्या फेब्रुवारीत बारासातला, बहिणीला घरी आणणारा शाळकरी भाऊ मारला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत, अंधेरीच्या आंबोलीत, मैत्रिणींसाठी उभे राहिलेल्या दोन तरुणांवर जीवघेणा हल्ला झाला. तरी बातमीत मूळ गुन्ह्याला नाव काय? छेडछाड! म्हणजे खून तेवढा गंभीर, आणि ज्यातून तो उपजला ती गंमत.

कुणी म्हणेल, शब्दाने काय बिघडते, कायदा आहे ना? मग कायद्याकडेच पाहा. तमिळनाडूने 1998 मध्ये केलेल्या कायद्याच्या नावातच ‘ईव्ह टीझिंग’ होते. 2002 मध्ये ते काढून ‘स्त्रियांचा छळ’ असे शब्द घातले. 2013 मध्ये भारतीय दंडसंहितेत 354अ आले, लैंगिक छळ; 354ड आले, पाठलाग. कायदा शहाणा झाला, आपले मथळे झाले नाहीत.

‘विनयभंग’ लिहूनही सुटका नाही. विनय तिचा, भंगही तिच्याच विनयाचा. करणारा त्या शब्दात कुठेच नाही. बांगला ‘श्लीलताहानि’चीही तीच गत.

तेव्हा लिहिणाऱ्यांनो, भाषांतर करणाऱ्यांनो, घडले तेच लिहा. पाठलाग केला तर पाठलाग. अंगाला हात लावला तर हात लावला. घाणेरडे बोलला तर घाणेरडे बोलला. वाक्याचा कर्ता तो असू द्या. छेडायच्या त्या सतारीच्या तारा. रस्त्याने चाललेली मुलगी सतार नव्हे.