मांडवीतले रोगी कोणी लपवले?

लोक रोगी लपवत होते म्हणून सरकारला घरात शिरावे लागले, हा १८९६-९७च्या प्लेगविषयीचा युक्तिवाद अजून जिवंत आहे. नवी साथ आली की त्याला कल्हई होते. रोगी लपवले गेले, हे खरेच आहे. खोटा आहे तो घटनांचा क्रम. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला, तो कुणाचे दार फोडून नव्हे. रोग्यांच्या घरी डॉक्टर म्हणून जाता जाता. ६ ऑक्टोबरला पालिकेने रोग्यांना सक्तीने हलवण्याचा हुकूम काढला आणि महिना संपायच्या आत, २९ तारखेला, गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. रोगी इस्पितळात गेला की परत येत नाही, अशी धास्ती चाळीचाळींत बसली होती. मग घरोघर मुकाट्याने दारे लागली. ज्या उपायाने माहितीचा झरा आटला, तोच आटलेल्या झऱ्यावरचा इलाज म्हणून सांगितला जातो.

यावर पुण्याचा दाखला हमखास येतो: प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी मार्च १८९७पासून घरांच्या झडत्या घेतल्या आणि मेपर्यंत प्लेग ओसरला. पण त्याच दिवसांत उन्हाळाही चढत होता, आणि कोरड्या कडक उन्हात पिसवा टिकत नाहीत. पावसाळ्यानंतर प्लेग पुण्यात पुन्हा आलाच. शिवाय झडती घेणाऱ्याला शोधायचे काय, हे तरी कुठे ठाऊक होते? उंदरावरची पिसू रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८मध्ये दाखवले. तोवर मांडवीत धान्याच्या वखारींतून उंदीर मरून पडत होते, आणि अधिकारी गटारे धूत, माणसे हुडकत होते. याउलट लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर १८५४च्या पटकीच्या साथीत डॉक्टर जॉन स्नो मृतांची यादी घेऊन दारोदार फिरला, तेव्हा त्याच्यामागे शिपाई नव्हते. विचारायचे होते इतकेच, की पाणी कुठले प्यालात? हेन्री व्हाइटहेड या तिथल्या पाद्र्याला तर वस्ती ओळखत होती. ज्या तान्ह्या मुलीपासून साथ सुरू झाली असावी, तिचा माग त्यालाच लागला.

सक्ती कधीच नको, असे माझे म्हणणे नाही. दूषित विहीर बंद करायला गावाची संमती मोजत बसू नये. पण विहिरीवरची सक्ती वेगळी, माणसावरची वेगळी. माणूस जागचा हलतो: मुंबईतून प्लेगच्या वेळी लाखो लोक गावाकडे पळाले, आणि जुन्नर-आंबेगावची माणसे आजही पोटासाठी मुंबई गाठतात, परततात. घाटमाथ्यावरच्या आहुप्यात उद्या एखादा अनोळखी ताप आला, तर तो तालुक्याच्या कागदावर येण्याआधी आशाताईच्या कानावर येईल, तोही घरच्या बाईने आपणहून सांगितला तर. आरोग्य खात्याने तिला धाक दाखवायला पाठवू नये. आणि तिचे मानधन वेळेवर द्यावे.